लायकी सिद्ध करा

पॅरिसमध्ये सायकलवरून घरोघर जेवण पोहोचवणारा सुलेमान गिनीहून आलेला आहे. कागदपत्रं नाहीत, म्हणून ॲपवरचं खातं दुसऱ्याच्या नावाचं, भाड्यानं घेतलेलं. ॲपनं अचानक चेहरा दाखवायला सांगितलं की त्या खातेदाराला गाठायचं. रात्री निवाऱ्याकडे नेणारी बस चुकली, तर झोपायचं रस्त्यावर. दोन दिवसांनी आश्रयासाठीची मुलाखत आहे. तिच्यासाठी पैसे मोजून घेतलेली राजकीय छळाची खोटी कहाणी तो पेडल मारता मारता घोकतो आहे. बोरिस लोजकिन यांच्या ‘सुलेमान्स स्टोरी’त (२०२४) मला सगळ्यांत जास्त छळतं ते हे पाठांतर. आजारी आईच्या औषधपाण्यासाठी घर सोडलं, ही खरी गोष्ट त्याच्याजवळ आहे. पण ती अर्जात चालेल, असा भरवसा त्याला कुणी दिलेला नाही.

आजचा फ्रेंच भाषेतला चांगला सिनेमा पुन्हा पुन्हा अशाच माणसाजवळ जाऊन थांबतो, ज्याला कुणापुढे तरी आपली लायकी सिद्ध करायची आहे. स्तेफान ब्रिझे यांच्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’मध्ये (२०१५) एक्कावन्न वर्षांचा बेरोजगार तिएरी सरावाची मुलाखत देतो आणि त्याच्यासारखेच बेरोजगार त्याच्या बसण्याबोलण्यातल्या चुका काढतात. तो गप्प ऐकून घेतो. कॅमेरा आपल्याला मान वळवू देत नाही. तिएरी साकारणारे व्हिन्सेंट लिंदाँ सोडले तर यातले बहुतेक जण व्यावसायिक नट नाहीत, म्हणून तो प्रसंग आणखी लागतो.

बेल्जियमच्या दार्देन बंधूंच्या ‘टू डेज, वन नाइट’मध्ये (२०१४) सांड्रा शनिवार-रविवारी सहकाऱ्यांची दारं वाजवते: हजार युरोंचा बोनस सोडा, म्हणजे माझी नोकरी वाचेल. नाही म्हणणाऱ्यांनाही घर चालवायचं आहे, हे दिग्दर्शक विसरत नाहीत. मालकानं आपला निर्णय कामगारांच्या गळ्यात घातला, आणि खरा राग तिथेच यायला हवा.

सुलेमान साकारणारा अबू सांगारे स्वतः गिनीहून आलेला मेकॅनिक. फ्रान्समध्ये राहण्याचा परवाना त्यालाही आधी नाकारला गेला होता. मे २०२४ मध्ये त्याला कॅन महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला. परवाना मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, तोही एका वर्षापुरता. बक्षीस नसलेल्या मेकॅनिकला तो का मिळू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.