पाठीवरची दुसरी छत्री

मुलांनो, नऊवारी साडी नेसून काय काय करता येतं? लेझीम खेळता येते, फुगडी घालता येते, झाडावरही चढता येतं. पण पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधल्या पटायाला नऊवारी नेसून चक्क विमानातून उडी मारली! तीही १३,००० फुटांवरून. याच शीतलताईंनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली होती, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे वर्गात सांगितलं की ठरलेला प्रश्न येतोच. "बाई, छत्री उघडलीच नाही तर?" मी सांगते, पाठीवरच्या पिशवीत दुसरी असते, राखीव. लगेच मागच्या बाकावरून, "आणि दुसरीपण नाही उघडली तर?" सगळे हसतात. पण हसण्यासारखं त्यात काही नाही. उडी मारायला शिकणाऱ्यांना जमिनीवरच्या तासाला हेच तर शिकवतात.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. १३,००० फूट म्हणजे जवळजवळ चार किलोमीटर. ते आपल्या घोडबंदर रोडवर आडवे टाकले तर कापूरबावडीपासून साधारण पातलीपाड्यापर्यंत जातील. संध्याकाळी बसने तेवढं जायला किती वेळ लागतो ते मी सांगायला नको! उडी मारणारा माणूस मात्र त्यातला बराचसा भाग मिनिटाभराच्या आत, छत्री न उघडताच पार करतो. पडण्याचा वेग ताशी १९०-२०० किलोमीटरपर्यंत पोचला की हवाच खालून रेटू लागते, म्हणून तो पुढे वाढत नाही. तरीही या वेगाने आपल्याकडचा चाळीस मजली टॉवर वरून खालपर्यंत दोन-अडीच सेकंदांत संपतो.

आता छत्री उघडायची. एक छोटी छत्री हवेत फेकतात, ती मोठीला पिशवीतून ओढून काढते. हजार वेळा उघडली तर एखाद्या वेळी काहीतरी बिघडतं, असं साधारण म्हणतात. कधी दोऱ्यांना पीळ पडतो. हा बिघाड त्यातल्या त्यात बरा, झोपाळ्याची दोरी पिळल्यावर आपण पाय मारून उलट फिरतो तसं करून तो सोडवता येतो. कधी एखादी दोरी कापडावरून आडवी जाते आणि छत्रीचे दोन फुगे होतात. कधी छत्री घडीतून बाहेरच येत नाही. सगळ्यात फसवी म्हणजे अर्धवट उघडलेली छत्री. डोक्यावर काहीतरी फडफडतंय, वेगही थोडा कमी झालाय, मग वाटतं, आणखी जरा हलवून बघू, सुटेल! आणि या 'जरा'मध्येच उंची संपते.

म्हणून नियम असा, की आकाशात विचार करत बसायचं नाही. विचार जमिनीवरच करून ठेवायचा. नवख्यांना सांगितलेलं असतं, २,५०० फुटांवर छत्री नीट नसेल तर तिच्याशी भांडण बंद! पूर्ण वेगाने पडत असाल तर तिथून जमीन फक्त चौदा सेकंदांवर असते.

मग करायचं काय? छातीवर दोन मुठी असतात. उजवीकडची बहुधा लाल, डावीकडची चंदेरी. आधी लाल ओढायची, म्हणजे बिघडलेली छत्री अंगापासून सुटून उडून जाते. मग चंदेरी ओढायची, म्हणजे राखीव उघडते. तुम्ही म्हणाल, आहे तीही कशाला टाकायची, दोन असल्या तर बरंच की! इथेच मेख आहे. फडफडणारी पहिली छत्री वर असताना दुसरी उघडली, तर ती तिच्यातच गुरफटते आणि दोन्ही जातात.

ही सोडून देण्याची युक्ती फार सुंदर आहे. एका खांद्यावर तीन कड्या असतात, मोठी, मधली, लहान, एकीत एक अडकवलेल्या. प्रत्येक कडी ओढ कमी करत नेते, त्यामुळे शेवटच्या नाजूक दोरीच्या फासावर अगदी थोडाच ताण येतो. मूठ ओढली की फास सुटतो आणि तिन्ही कड्या एका क्षणात उलगडतात. अमेरिकेच्या बिल बूथ यांनी १९७०च्या दशकात ही रचना केली. त्याआधीच्या खटक्यांना बरीच खटपट लागायची.

आणि नऊवारीचं लक्षात आलं का? आधी साडी आणि तिच्यावर छत्रीचे पट्टे, कारण वाऱ्यावर उडणारा पदर या मुठींवर आला तर हात चाचपडत राहील!

पण मागच्या बाकावरचा प्रश्न अजून बाकीच आहे. दुसरीपण नाही उघडली तर? असं खरंच घडलेलं आहे. १२ डिसेंबर २००६ रोजी न्यूझीलंडमधल्या टाउपोला मायकेल होम्स या अनुभवी उडीबहाद्दराची छत्री उघडताच गरगर फिरू लागली. त्यांनी ती सोडायचा प्रयत्न केला, ती पूर्ण सुटली नाही. शेवटी राखीव ओढली तर ती पहिलीतच गुंतली. हे सगळं त्यांच्या टोपीवरच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. ते एका काटेरी झुडपात आदळले आणि वाचले. घोटा मोडला, फुप्फुसाला इजा झाली, एवढ्यावर निभावलं. अमेरिकेत १९९९ साली जोन मरे यांची पहिली छत्री उघडली नाही, राखीव ७०० फुटांवर उघडून पुन्हा मिटली, आणि त्या पडल्या त्या लाल मुंग्यांच्या वारुळावर! कित्येक दिवस बेशुद्ध होत्या. त्याही वाचल्या, पुढे पुन्हा उड्याही मारल्या. पण दोस्तांनो, या गोष्टी वाचून "झुडूप असलं की झालं" असं कोणी समजू नका. वाचलेल्यांची गोष्ट सांगायला ते स्वतः असतात. बाकीच्यांची कोण सांगणार?

आपल्या सैन्यातले छत्रीधारी जवान तर याहून खूप खालून उडी घेतात. त्यांची छत्री विमानाला बांधलेल्या पट्ट्यानेच ओढली जाते आणि राखीव छत्री छातीशी असते. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश युद्धात टांगाईलला उतरलेली २ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची, बरं का. तिथे तर खाली शत्रू होता.

माणूस घाबरून गोठला किंवा बेशुद्ध पडला तर? त्यासाठी एक छोटं यंत्र पिशवीत बसवतात. १९९१ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोट यांनी आणलेलं 'सायप्रस' हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. हवेच्या दाबावरून ते उंची मोजत राहतं. साधारण ७५० फुटांवरही माणूस त्याच वेगाने पडत असेल, तर आतलं लहानसं पातं राखीव छत्रीचा फास कापतं. मूठ कोणी ओढली नाही तरी!

अशी काळजी घेतल्यामुळे २०२३ साली अमेरिकेत सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. अलीकडचे बरेच अपघात तर छत्री छान उघडल्यावर, जमिनीजवळ वेगाने वळण घेण्याच्या नादात होतात.

पहिली छत्री उडी मारणारा बहुधा स्वतः घडी करतो. राखीव छत्रीला मात्र त्याने हात लावायचा नाही. ती परवाना असलेला माणूसच घडी करतो, फासाला लाल दोरा बांधून शिशाचं मोहोर लावतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती पिशवीतून काढतात, कापड-दोऱ्या तपासतात आणि पुन्हा घडी घालून नवं मोहोर लावतात. मधल्या काळात ती एकदाही उघडलेली नसली तरी!