बाप जिवंत असताना वारस कोण?

२०२१ चा जून महिना. करोनाची दुसरी लाट ओसरत होती. सावंगी (मेघे) इथल्या मोठ्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर आम्ही चार-पाच जण चहा घेत होतो. एकाने मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातलं कालियाचक. मुलगा एकोणीस वर्षांचा. आई, वडील, बहीण आणि आजी अशा चौघांना मारून घरालगतच्या गोदामात पुरल्याचा त्याच्यावर आरोप. घटना फेब्रुवारीतली. जीव वाचवून पळालेल्या थोरल्या भावाने जूनमध्ये पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा मृतदेह बाहेर निघाले. घरचा पैसा आणि मालमत्ता ताब्यात घेण्याचा हेतू तेव्हाच्या बातम्यांतून पुढे आला होता.

वाचणाऱ्याने आरोपीचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, तुमच्यातलाच हाये."

माणूस वाईट नाही. माझ्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसलेला आहे. पण त्या वाक्यानंतर मला चहा गोड लागला नाही.

साडेतीन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याच टपरीवर दुसरी बातमी आली. दिल्लीतलं नेब सराय. वीस वर्षांच्या मुलाने आई, वडील आणि बहिणीचा खून केल्याचा आरोप. पहाटे फिरून घरी आलो तर तिघं मेलेली दिसली, असं त्यानेच आधी सांगितलं होतं. वडील रागवायचे, आणि मालमत्ता बहिणीच्या नावे होणार असं त्याच्या मनाने घेतलं होतं, ही कारणं पोलिसांनी सांगितली. हे कुटुंब मुस्लिम नव्हतं. टपरीवर सगळे एवढंच म्हणाले, "आजकालची पोरं बिघडली." 'तुमच्यातला' हा शब्द त्या दिवशी कुणालाही आठवला नाही. मीही आठवण करून दिली नाही.

एकोणिसाव्या वर्षी केलेला खून धर्माच्या खात्यावर जातो आणि विसाव्या वर्षी केलेला वयाच्या खात्यावर. हा दुटप्पीपणा वाचकांना नवा नाही, म्हणून त्यावर मी जास्त शाई घालवत नाही. माझं आजचं भांडण टपरीशी नाही, आपल्या लोकांशी आहे.

आपलं निदान

कालियाचकची बातमी आली त्या आठवड्यात नमाजनंतर आमच्याकडेही चर्चा झाली. कुणी म्हणालं मोबाईल. कुणी म्हणालं गेम, वेब सीरिज, वाईट सोबत. एका बुजुर्गांनी समारोप केला, "दीनची तालीम नाही, म्हणून हे होतं." सगळ्यांनी मान डोलावली आणि घरी गेले.

मला त्यांना विचारायचं होतं, दीनची कोणती तालीम? नमाज, रोजा, कपडे, दाढी यांची तालीम आपण देतो. बाप मेल्यावर मालाचं काय करायचं आणि बाप जिवंत असताना त्या मालावर कुणाचा हक्क, याची तालीम आपण कोणत्या घरात देतो? हा विषय निघाला की मोठी माणसं म्हणतात, "आत्ताच कशाला मरणाच्या गोष्टी?" मग मुलगा हा धडा दुसरीकडून शिकतो. तो आपल्याकडे बघून शिकतो.

शरीअत काय सांगते

पहिली गोष्ट. खुनी वारस होत नाही. खून करणाऱ्याला वारशात काही मिळणार नाही, हे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी चौदाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं. विदर्भात आपण बहुतेक हनफी आहोत. हनफी फिक्ह तर इतकं कडक आहे की वारसाच्या हातून चुकून माणूस मेला, तरी त्याचा वारसा बंद. देशाचा कायदाही इथेच येऊन पोचला. मुंबई इलाख्यातून गेलेल्या एका खटल्यात १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की खुनी वारस जणू अस्तित्वातच नाही असं समजून वाटणी करायची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ नुसार खून करणारा आणि त्याला साथ देणारा, दोघेही अपात्र ठरतात. म्हणजे ज्या पैशासाठी रक्त सांडलं, तो पैसा दोन्हीकडच्या कायद्यांनी आधीच हातातून काढून घेतलेला आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती आपण जवळजवळ विसरलो आहोत. इस्लामी कायद्यात मुलाला जन्माने बापाच्या मालमत्तेवर काडीचाही हक्क नाही. हिंदूंच्या मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगा जन्मतःच हिस्सेदार होतो, २००५ पासून मुलगीही. आपल्याकडे तसं नाही. बाप श्वास घेतोय तोवर माल बापाचा. त्याने तो विकावा, दान करावा, खर्च करावा. मुलाजवळ असते ती फक्त आशा, आणि आशा सातबाऱ्यावर चढत नाही.

तिसरी गोष्ट. बापाला जिवंतपणी मुलांना काही द्यायचं असेल तर सर्वांना सारखं द्यावं. एक सहाबी आपल्या एकाच मुलाला भेट देऊन त्यावर प्रेषितांची (सल्ल.) साक्ष घ्यायला आले, तेव्हा बाकीच्या मुलांनाही असंच दिलं का, असं त्यांना विचारलं गेलं. नाही म्हटल्यावर साक्ष नाकारली गेली.

चौथी गोष्ट सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. आईबापांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही आहे, माल थोडा असो की फार. तो अल्लाहने ठरवलेला आहे. भावाने मेहेरबानी म्हणून द्यायची ती चीज नाही.

आमच्या घरातलं

आता माझ्या घरचं सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातली झाडलोट होईल.

माझ्या दादांची बारा एकर जमीन होती. दादी आधीच वारल्या होत्या. दादा गेले तेव्हा मागे दोन मुलगे आणि दोन मुली. हिशेब लहान पोरालाही जमेल असा आहे. मुलाला दोन भाग, मुलीला एक, एकूण सहा भाग. अब्बा आणि चाचांना चार-चार एकर, दोन्ही फुफींना दोन-दोन एकर.

प्रत्यक्षात चाळिसाव्यानंतर दोघी फुफींना जेवायला बोलावलं, साड्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. शाईचा पॅड मीच धरला होता, कारण धाकट्या फुफीला सही येत नव्हती. अंगठा पुसायला तिने माझ्याकडे चिंधी मागितली. कुणी जबरदस्ती केली नाही. फक्त सगळ्यांना माहीत होतं की सही केली नाही तर ईदला माहेरचं दार उघडणार नाही.

फेरफार झाला. अब्बांना सहा एकर, चाचांना सहा. पुढे मेडिकल कॉलेज वाढलं, सावंगीच्या आसपास शेतांचे प्लॉट पडले, भाव चढले. अब्बांनी दोन एकर विकले. आज मी ज्या घरात बसून हे लिहितोय, ते त्या पैशातून बांधलेलं आहे. ते दोन एकर कुणाचे होते, हे वाचकांना सांगायला नको.

अब्बा पाच वेळचे नमाजी होते. हरामाचा एक पैसा घरात येऊ देणार नाही, असं म्हणायचे. मला त्यांच्याविषयी आजही आदर आहे. पण त्या दिवशी मी जे शिकलो ते त्यांच्याकडूनच शिकलो. माल मुलाचा असतो, बहीण मध्ये आलेली अडचण असते, आणि ती साडीवर मिटते.

मागच्या वर्षी माझा मुलगा, वय वर्षं सतरा, बहिणीशी खोलीवरून भांडत होता. भांडताना म्हणाला, "तू तर जाणारच आहेस. घर माझंच आहे." मी बाहेरच्या खोलीत होतो. त्याला हे कुठल्या गेमने शिकवलं नव्हतं.

मग खून हक्कसोडामुळे होतात का?

असा प्रश्न कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवा. उत्तर आहे, नाही. लाखो घरांत बहिणींचे हक्क बुडतात आणि कुणी कुणाचा गळा धरत नाही. खून करणारा आपल्या कृत्याला स्वतःच जबाबदार असतो. एकोणीस वर्षांचा मुलगा फिक्हच्या नजरेत बालिग आहे आणि कायद्याच्या नजरेत सज्ञान. बापाने रागावलं, समाजाने चुकीचं शिकवलं, या सबबीवर चार मृतदेहांचं ओझं हलकं होत नाही. ते मी हलकं करत नाही.

पण अशा बातम्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: 'माझं मला देत नव्हते.' मे २०२४ मध्ये नागपुरात ८२ वर्षांच्या वृद्धाला गाडीखाली चिरडलं गेलं. सुपारी सुनेने दिली आणि कारण मालमत्तेचं, असा पोलिसांचा आरोप आहे. २०२३ मध्ये गडचिरोलीच्या महागावात एकाच कुटुंबातले पाच जण विषाने गेले. तिथेही एका आरोपीच्या मनात वडिलोपार्जित जमिनीचा राग होता, असं पोलीस म्हणतात. हे आरोपी किशोर नव्हते, मुस्लिम नव्हते. न्यायालयं आपला निर्णय देतील. पण जिवंत माणसाचा माल मनातल्या मनात आपल्या नावावर चढवायची सवय या सगळ्यांत दिसते. एकदा तो मनात आपल्या नावावर चढला की ज्याच्या नावावर खरंच आहे तो माणूस चोर वाटायला लागतो, आणि वाटणीत येणारी बहीण दरोडेखोर. त्यापुढे कोण शिवीवर थांबतो, कोण कोर्टात जातो. एखादा सुरीपर्यंत जातो. सुरी त्या एकाची, पण सवय आपल्या सगळ्यांची आहे.

२०१८ मध्ये तीन तलाकच्या विधेयकाविरुद्ध महाराष्ट्रात ठिकठिकाणी शरीअत वाचवायला मोर्चे निघाले. बुरख्यातल्या हजारो बायका उन्हात चालल्या. त्यांतल्या किती जणींना बापाच्या शेतातला हिस्सा मिळाला होता, हे मोर्चा काढणाऱ्यांनी विचारलं नाही. १९३७ च्या शरीअत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे. ती त्यात घ्या म्हणून आपण कधी रस्ता अडवला? तलाठ्याच्या दप्तरात शरीअत धोक्यात आहे, अशी घोषणा मी आजवर ऐकलेली नाही.

सहावा मुलगा

सावंगीच्या त्या दवाखान्याला आचार्य विनोबा भावे यांचं नाव आहे. पवनार इथून जवळच. विनोबांनी कुरआनचा अभ्यास करून निवडक आयतींचं 'कुराण-सार' तयार केलं, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत त्यांना पहिलं भूदान मिळालं, शंभर एकर. नंतर गावोगाव ते जमीनदारांना म्हणायचे की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. परक्या माणसाने भूमिहीनांसाठी मुलगा बनून वाटा मागितला आणि लोकांनी दिला. आपल्या पोटच्या मुलींना तो मागायचीही लाज वाटावी, अशी आपण व्यवस्था करून ठेवली आहे.

ज्यांच्या घरात वयात आलेली मुलं आहेत, त्यांना माझी विनंती आहे. या शुक्रवारी सगळ्यांना समोर बसवा, मुलींनाही. सांगा की मी जिवंत आहे तोवर हे माझं आहे आणि यातलं कुणाचंही काही नाही. मी गेल्यावर कुणाचा किती हिस्सा, तो कागदावर मांडून दाखवा. आणि बहिणीचा हक्क तुमच्याकडे अडकला असेल, तर तो त्याच मुलांच्या देखत परत करा. शंभर जुम्याच्या खुतब्यांनी होणार नाही ते त्या एका दिवसाने होईल.

धाकटी फुफी २०१६ मध्ये वारली. थोरली आहे, देवळीला मुलाकडे असते. अब्बांच्या वाट्याला तिच्या दोन एकरांतला एक आला होता. मी आजच्या भावाने त्याची रक्कम काढली आणि पहिला हप्ता घेऊन गेलो. ती म्हणाली, "राहू दे बेटा, मी तर सही दिली होती." मी म्हणालो, "फुफी, पॅड मीच धरला होता." मग तिने पैसे घेतले. मोजले नाहीत. धाकटीच्या मुलांचा हिशेब अजून बाकी आहे, घर विकल्याशिवाय तो पुरा होईलसं दिसत नाही. चाचांच्या घरी मी हा विषय काढला तेव्हा माझ्यापुढचा चहा उचलून नेला गेला.

त्या दिवशी मी मुलाला बरोबर नेलं होतं. परतताना तो गाडीवर मागे बसून बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "अब्बा, मग आपलं घर कुणाचं?"

मी म्हणालो, "सध्या तरी थोडं आपलं, थोडं कर्जाचं."