राउंड ऑफ आणि काकांचं करडू

परवा निलंग्याला जाऊन आलो. काकांनी शेळ्यांच्या गोठ्याला नवी जाळी मारलीय. जागा पाचकोनी, बाजू फुटांत 24.4, 17.3, 21.4, 9.3 आणि 13.4. सहावीतल्या नातवानं शाळेतल्या रीतीनं आधी प्रत्येक बाजू राउंड ऑफ केली, मग बेरीज केली. 24+17+21+9+13, म्हणजे 84 फूट. काकांनी तेवढीच जाळी आणली. खरी परिमिती 85.8! पावणेदोन फुटांची फट राहिली. तिथं बाभळीचा फास टाकला. तिसऱ्या रात्री कुत्र्यांनी करडू नेलं.

"लेकराचं काय चुकलं रे? वहीत तर बरोबरची खूण हाय," काका म्हणाले.

लेकराचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते 'आधी राउंड, मग बेरीज' एवढंच घोकून घेणाऱ्यांचं. एका बाजूला जास्तीत जास्त अर्ध्या फुटाची चूक, हे सांगतात. पाच बाजूंना ती अडीच फुटांपर्यंत जाते, हे कोण सांगणार? काही बाजू वर गेल्या, काही खाली आल्या तर चुका एकमेकींना खातात. पण तो नशिबाचा भाग! इथं पाचही खाली आल्या. निलंग्याच्याच नीलकंठेश्वराच्या देवळाचा तळ पाहा. तारकाकृती, बाजू छोट्या आणि कोपरे ढीगभर. तिथं ही रीत लावून बघा म्हणजे कळेल.

आम्ही सॉफ्टवेअरवालेही शहाणे नाही बरं का. व्हँकुव्हर शेअरबाजाराचा निर्देशांक 1982 मध्ये 1000 वर सुरू झाला. दर व्यवहाराला तीन दशांशांपुढचे आकडे नुसते छाटले जायचे. नोव्हेंबर 1983 पर्यंत तो 525 च्या आसपास घसरला. हिशोब दुरुस्त केल्यावर निघाला 1098!

मग अंदाज शिकवूच नये का? जरूर शिकवा. बेरीज 858 आली तर दशांशचिन्ह घसरलंय, हे अंदाजच सांगतो. पण तो उत्तर तपासायला. आणि अंदाजानंच जाळी आणायची असेल तर प्रत्येक बाजू वरच्या आकड्याला न्या. 25+18+22+10+14, म्हणजे 89. तीन फूट उरतील, उरू देत.

राउंड कुठल्या बाजूला करायचं हे आकडा ठरवत नाही, काम ठरवतं. वहीत हे एक वाक्य असतं तर करडू वाचलं असतं.

असो.