संगणक-पुस्तिकेचाही प्रतिसंस्कार व्हावा

औषधाच्या सवीर्यतावधीचा विचार आयुर्वेदास नवा नाही. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधराचार्यांनी सांगून ठेवले आहे. औषध नियमावलीतील नियम १६१ बी अन्वये आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर वापराची अंतिम मुदत छापणे बंधनकारक आहे. मात्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण या मुदतीची नोंद ठेवतो, त्याच्या इलेक्ट्रॉनिक मार्गदर्शक पुस्तिकेवर पुष्कळदा तारीखही आढळत नाही!

हा प्रश्न किरकोळ नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अशा प्रसंगी सॉफ्टवेअर तातडीने सुधारले जाते. पुस्तिका मात्र मागे राहू शकते. नवा दर कोठे भरावा? शिल्लक साठ्याचे बिल कसे करावे? १२ टक्के दराने विकलेले औषध परत आल्यास क्रेडिट नोट मूळ दरानेच करावयाची असते. ती कशी करावी? नेमक्या अशाच वेळी काउंटरवरील मदतनीस पुस्तिका उघडतो आणि त्यातील चित्र पडद्याशी जुळत नाही. मग तो अंदाजाने काम उरकतो. रुग्णाचे बिल चुकते, विवरणपत्र चुकते, आणि कर खात्यास उत्तर द्यावे लागते ते दुकानमालकास.

दूरध्वनीवर साहाय्य मिळतेच, असा युक्तिवाद विक्रेते करतील. तो अंशतः मान्य आहे. परंतु दूरध्वनीवरचे उत्तर ऐकणाऱ्यापाशीच राहते; मदतनीस नोकरी सोडून गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. शिवाय इलेक्ट्रॉनिक पुस्तिकेस कागद व छपाईचा खर्च नाही, त्यामुळे विलंबास तेही कारण उरत नाही.

या बाबतीत आपली ग्रंथपरंपरा अनुकरणीय आहे. अग्निवेशतंत्राचा चरकाचार्यांनी प्रतिसंस्कार केला. पुढे चिकित्सास्थानाचे १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी ही स्थाने दृढबलाने पूर्ण केली. मूळ तंत्र कोणाचे, प्रतिसंस्कार कोणाचा व पूर्ती कोणाची, याचा निर्देशही संहितेतच आहे. काळानुरूप बदल करावा आणि तो नोंदवूनच करावा, हाच त्याचा बोध होय.

तेव्हा वैद्य व औषधविक्रेते बंधू-भगिनींना विनंती अशी की, वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण करताना पुढील अटी लेखी घालून घ्याव्यात. पुस्तिकेवर आवृत्ती क्रमांक व सुधारणेचा दिनांक असावा. आरंभीच नव्या बदलांचा गोषवारा द्यावा. सुधारित पुस्तिका अपडेटसोबतच मिळावी. ती मराठीत असावी आणि इंटरनेट बंद असतानाही उघडावी. एकट्या दुकानदाराचे म्हणणे विक्रेता कदाचित ऐकणार नाही. संघटनेने अटींचा समान मसुदा तयार केल्यास त्यास ते टाळता येणार नाही. मुदतबाह्य औषध आपण फडताळात ठेवत नाही. मुदतबाह्य सूचनाही संगणकात राहू देऊ नयेत.