लवंगेचे तेल आणि दंतक्षय

दाढ ठणकू लागली की लवंगेच्या तेलाचा बोळा धरावयाचा, हा उपाय घरोघरी ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. त्या तेलातील युजेनॉल हे प्रमुख द्रव्य मज्जातंतूंना बधिर करते. झिंक ऑक्साइडबरोबर कालवून दंतवैद्यही ते दातात तात्पुरते भरतात. परंतु ठणका थांबणे म्हणजे क्षय थांबणे नव्हे. वेदना शमल्यामुळे मुलाला दवाखान्यात नेणे लांबणीवर पडते आणि पुढे दाढच काढावी लागते.

‘दाताला कीड लागली’ हा प्रयोगच मुळी फसवा आहे. तोंडातील जंतू पिष्टमय पदार्थांपासून आम्ल निर्माण करतात व ते दात झिजविते, असे डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये मांडले. १९२४ मध्ये जे. किलियन क्लार्क यांनी स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जंतू वर्णिला. साखर मिळाली की तो चिकट थर विणतो आणि त्या थराच्या आश्रयाने आम्ल ओततो.

बाष्पनशील तेले जंतूंचे पातळ आवरण बिघडवितात आणि आतील द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. प्रयोगशाळेतील थाळीत हे स्पष्ट दिसते. मुखात मात्र परिस्थिती निराळी. तेल पाण्यात विरघळत नाही, लाळ ते धुऊन नेते आणि थरातील जंतू सुट्या जंतूंहून कितीतरी चिवट असतात. थायमॉल, युकॅलिप्टॉल इत्यादींच्या चुळांनी हा थर व हिरड्यांची सूज कमी होते, याला चांगला पुरावा आहे. दंतक्षय टळतो, याला तितका नाही. हा भेद जाहिराती सोयीस्करपणे विसरतात.

फरीदाबाद येथे या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. त्या जिल्ह्यात काही ठिकाणच्या भूजलात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक फ्लोराइड आढळले आहे. अल्प फ्लोराइड दंतवल्क बळकट करते; अधिक झाल्यास वाढत्या मुलांच्या दातांवर डाग पडतात. अशा ठिकाणी पूरक जंतुनाशकाचा शोध मोलाचा ठरेल. फ्लोराइडयुक्त दंतमंजनाचा त्याग करावा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ते थुंकून टाकावयाचे असते, पाणी पोटात जाते. जैवतंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्था आणि दंत महाविद्यालय दोन्ही याच शहरात आहेत. तेव्हा आणखी एक थाळी तपासण्यापेक्षा शाळकरी मुलांच्या दातांवर दोन-तीन वर्षे नजर ठेवणारा, पालकांच्या संमतीने केलेला तुलनात्मक अभ्यास येथे व्हावा हे अधिक उचित.

वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी, हाही एक भ्रम होय. शुद्ध लवंगतेल हिरडी भाजते आणि लहान मुलाने गिळल्यास यकृतास गंभीर इजा होऊ शकते. शिवाय नावावरून तेलाचा गुण कळत नाही. कोकणात लावल्या जाणाऱ्या दालचिनीचेच पाहा : पानांच्या तेलात मुख्यत्वे युजेनॉल, तर सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड. एकाच झाडाची ही दोन तेले. म्हणून दंतमंजनाच्या वेष्टनावर लवंगेचे चित्र छापणाऱ्याने आत युजेनॉल शेकडा किती आहे तेही त्याच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत छापावे.