मानाची पदवी, हक्काची पदवी

आमच्या नगरातील महाराष्ट्र मंडळाने मध्यंतरी एका वयोवृद्ध बाईंचा सत्कार केला. मंडळाच्या मागील खोलीत २७ वर्षे दर रविवारी या बाई परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवीत आल्या. ‘ती पुस्तक’ म्हणणाऱ्या मुलाला हिंदीच्या संगतीतून सोडवून ‘ते पुस्तक’पर्यंत कसे आणावे, यासाठी त्यांनी स्वतः धडे रचले, चुकांच्या वह्या ठेवल्या, दरवर्षी ते धडे बदलले. सत्कारास अध्यक्ष म्हणून लाभलेल्या विद्वान प्राध्यापकांनी ‘बाई म्हणजे चालतेबोलते विद्यापीठ’ असा गौरव केला. टाळ्या झाल्या. याच बाई काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात मराठीच्या पदवीची चौकशी करावयास गेल्या होत्या, आणि जुन्या मॅट्रिकपाशी थांबलेल्या त्यांच्या शिक्षणाकडे पाहून ‘आधी बारावीचे प्रमाणपत्र आणा’ असे त्यांस खिडकीवरून सांगण्यात आले होते, हे त्या सभेत कोणी बोलले नाही. चालत्याबोलत्या विद्यापीठास बसत्या विद्यापीठाचे दार बंद होते.

अनुभवाचा आणि सेवेचा गौरव करण्यात आपली विद्यापीठे कंजूष आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. गौरव ती सढळ हाताने करतात. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. अलीगढ विद्यापीठाने १९५८ साली त्यांस सन्माननीय डॉक्टरेट दिली, पुढे दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनीही दिली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. त्या निरक्षर होत्या. नाव दारावर कोरावयास निरक्षरता आड येत नाही. त्या दारातून आत यावयाचे झाले तर मात्र येते.

सन्माननीय पदवी हा प्रसाद आहे. तो देणाऱ्याच्या मर्जीवर मिळतो, प्रसिद्ध व्यक्तीला मिळतो, आणि बहुधा अशा वयात मिळतो की त्याने नोकरी, बढती वा पुढील शिक्षण यांपैकी काहीच साधत नाही. आमची मागणी प्रसादाची नाही, परीक्षेची आहे.

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. श्वास न घेणाऱ्या बाळास श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्यांनी झोपडीत, कंदिलाच्या उजेडात केली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता, सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले. हा प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे घरोघरी नवजात बालसेवा हे देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांचे काम झाले. त्या ‘आशां’ना २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कार देऊन गौरविले. परंतु अशा एखाद्या स्त्रीने, पंधरा वर्षे बाळंतिणी आणि बाळे सांभाळल्यावर, परिचारिकेच्या प्राथमिक अभ्यासक्रमास प्रवेश मागितला, तर तिला प्रथम बारावीचाच दाखला विचारला जाईल. काल उत्तीर्ण झालेली, बाळाला कधी हात न लावलेली मुलगी पात्र, आणि ही अपात्र! ज्यांच्या हातून ज्ञान सिद्ध झाले, त्यांच्या हाती त्या ज्ञानाचा कागद नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: अशाने पदवी स्वस्त होईल. पैसे घेऊन ‘डॉक्टर’ करणाऱ्या दुकानांकडे बोट दाखविले जाते. अनुदान आयोगाला बनावट विद्यापीठांची यादी पुनःपुन्हा काढावी लागते, हे खरेच आहे. पण ही दुकाने अनुभवाची कसून परीक्षा घेतल्यामुळे उघडली काय? कोणतीच परीक्षा न घेतल्यामुळे उघडली. जेथे सरळ वाट नसते, तेथे चोरवाट होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आम्ही अर्धा मान्य करतो. सेवा म्हणजे विद्या नव्हे. वीस वर्षे रुग्णांच्या उशाशी बसणाऱ्यास पुण्य लागेल; शरीरशास्त्र येईलच असे नाही. म्हणून वर्षे मोजून पदवी द्यावी, असे आम्ही सुचवीत नाही. वर्षांत काय शिकलात, ते सांगा आणि दाखवा, असे विचारणारे मंडळ हवे. फ्रान्समध्ये २००२ सालच्या कायद्याने नेमके हेच केले. तेथे मनुष्य आपल्या कामाचा, विनावेतन केलेल्या लोकसेवेचाही, तपशीलवार वृत्तांत लिहून परीक्षकांपुढे उभा राहतो. ते त्यास संपूर्ण पदवी देतात, तिचा काही भाग देतात, वा नाकारतात. फ्रेंच पदव्यांचे तेज त्यामुळे मावळल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आपल्याकडेही कागदावर पावले पडली आहेत. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवालाही श्रेयांक देण्याचे तत्त्व आहे. त्याआधी २०२२ साली अनुदान आयोगाने ‘व्यवसायानुभवी प्राध्यापक’ नेमण्याची मुभा दिली: साहित्य, ग्रामविकास, पंचायत राज्य अशा क्षेत्रांत पंधरा वर्षे काम केलेल्या श्रेष्ठ व्यक्तीस औपचारिक पात्रतेवाचून शिकविता येईल. म्हणजे पदवी नसलेला मनुष्य व्यासपीठावर चढू शकतो, बाकावर मात्र बसू शकत नाही! या विनोदावर हसावे तरी कसे? शिवाय ही मुभाही ‘श्रेष्ठ’ माणसांसाठी. मागल्या खोलीतल्या बाईंसाठी नव्हे.

बनारस, बडोदे, हैदराबाद येथील विद्यापीठांत मराठीचे विभाग आहेत, आणि परप्रांतातील मराठी विभागांची विद्यार्थिसंख्येची चिंता आम्ही सभासंमेलनांतून ऐकत आलो आहो. त्या विभागांनी आरंभ का करू नये? मंडळांतून, ग्रंथालयांतून, रविवारच्या वर्गांतून मराठी जगविणाऱ्यांस बोलवा. त्यांचे धडे, त्यांच्या वह्या मागवा. तोंडी परीक्षा घ्या, लेखी घ्या, हवी तेवढी कठोर घ्या. व्याकरणात कच्चे असतील तर तेवढे शिकवा, आणि उरलेले श्रेयांक पदरात टाका. आमच्या बाईंच्या चुकांच्या वह्या २७ आहेत. परभाषेच्या सावलीत मराठी मूल कोठे अडखळते, याची त्यांत जितकी नोंद आहे तितकी एखाद्या प्रबंधातही क्वचितच सापडेल. सत्काराच्या दिवशी त्या वह्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. अध्यक्षांनी त्या उघडून पाहिल्या नाहीत.