नाव तेच, माणूस दुसरा

साताऱ्यात भर बाजारात माझ्या नावाने हाक मारा, तीन-चार जण वळून बघतील. याचं हसूच यायचं. मग नोकरी बदलताना नव्या कंपनीच्या पडताळणीत माझ्या नावावर सांगलीतला फौजदारी खटला निघाला. वडिलांचं नाव वेगळं, वय वेगळं, तरी ऑफर तीन आठवडे अडकली. 'तो मी नव्हेच' हे मलाच सिद्ध करावं लागलं.

आपल्यात शेख, मुल्ला, मुलाणी, शिकलगार, तांबोळी ही आडनावं गावोगावी. त्यात शेखचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं. नावं जुळवणारा प्रोग्रॅम स्पेलिंगला थोडी सूट देतो आणि त्या सुटीतूनच दुसऱ्याचा खटला आपल्या खात्यात येतो. असा कोड मीही लिहिलाय.

निवडणुकीत हा गोंधळ नेहमीचाच. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. २०२४ ला तासगाव-कवठेमहांकाळमध्येही रोहित पाटील एकाहून जास्त होते. पण तिथे मतदानयंत्रावर फोटो असतो, प्रतिज्ञापत्रात वडिलांचं नाव, वय, व्यवसाय, खटले असतात. नोकरी मागणाऱ्या पोराकडे यातलं काय आहे?

वडिलांचं नाव आणि वय जुळल्याशिवाय कंपनीने कुणाला खटला चिकटवू नये, आणि नकार देण्याआधी तो त्याला दाखवावा. तोवर दहावीचा दाखला, आधार, पॅनवर नाव एकसारखं करून घ्या. ई-कोर्ट्सवर स्वतःचं नावही शोधा. मी शोधलं. सांगलीतला तो दुसरा 'मी' केव्हाच निर्दोष सुटलाय.